तीन दिवस दार बंद

आभाळ अकरा दिवस उघडलं नव्हतं. धड पाऊस नाही, धड ऊन नाही; नुसती चिकट, दमट हवा पॉलीहाऊसच्या कापडाला आतून लोंबत होती. अशा हवेत गुलाबाला भुरी येते. ती आलीच. आधी दोन नंबरच्या हाऊसमध्ये, मग तीन, मग चार. पानांवर पीठ भुरभुरावं तशी पांढरी बुरशी चढत चढत कळ्यांच्या देठापर्यंत गेली आणि मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. महिनाअखेरीला परदेशी गिऱ्हाइकाचा मोठा माल जायचा होता. आठवड्यातून एकदा व्हायची ती फवारणी आता एक दिवसाआड होऊ लागली.

फवारणी एकच माणूस करायचा. सगळे त्याला पंपवाला म्हणत. संध्याकाळी बायका घरी गेल्या की तो तोंडाला रुमाल बांधून, खांद्यावर नळी टाकून आत शिरायचा आणि अंधार पडायच्या आत झाडं भिजवून बाहेर यायचा. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच ओल्या झाडांत बायका फुलं तोडायला शिरायच्या. त्या चौदा बायकांत त्याची बायकोही होती. देठ कापायला तिचा हात असा भरभर चालायचा की बाकीच्यांनी तिचं नावच कातरी ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी कातरीने नवऱ्यापुढे चहा ठेवला. त्याने कप उचलला आणि तो बशीवर खडखडला. त्याने दुसरा हात लावला. तरी खडखड थांबेना. निम्मा चहा मांडीवर सांडला.

"भाजलं का?"

"नाही."

"हात का हलतोय?"

"गारठ्याने."

गारठा कुठेच नव्हता. कातरीच्या मानेवरून घाम ओघळत होता. खाटेवर बसलेल्या सासऱ्याने मान वर केली. म्हातारा तरुणपणी चौदा वर्षं एका परदेशी बोटीवर होता, म्हणून गाव त्याला खलाशी म्हणायचं. खरं तर त्याने समुद्र पाहिला तो बोटीच्या स्वयंपाकघरातल्या गोल खिडकीतून, भांडी घासता घासता.

"काल रात्री डोळे पण लाल झाले होते याचे," खलाशी म्हणाला.

"तुम्ही गप बसा हो बाबा," पंपवाला म्हणाला आणि कप तसाच ठेवून उठला. कातरीने पाहिलं, त्याच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटली होती.

चार नंबरमध्ये त्या सकाळी झाडं अजून ठिबकत होती. वास नाकातून थेट कपाळात चढत होता. बायका ओळीने वाकल्या, देठ कापले, बादल्या भरल्या. डोळे पुसायची सोय नव्हती, कारण हात औषधाने माखलेले. आठ वाजायच्या सुमारास आत्याबाई, म्हणजे टोळीतली सगळ्यांत वयस्क बाई, दोन ओळींच्या मध्ये खाली बसली आणि भडाभडा ओकली.

मुकादम धावत आला. "काय खाल्लंत सकाळी?"

"काही खाल्लं नाही," आत्याबाई म्हणाली.

"मग उपाशी पोटी होणारच की."

"साहेब, औषध कसलं आहे हे?" कातरीने विचारलं. "वास फार भयंकर आहे."

"टॉनिक आहे. झाडांचं टॉनिक. फुलं तुमच्यापेक्षा नाजूक असतात, त्यांना काही होत नाही आणि तुम्हाला होतं?"

दोनतीन बायका हसल्या, कारण मुकादम विनोद करून थांबला होता.

जेवणाच्या सुट्टीत कातरी पंपाच्या खोलीमागे गेली. तिथे रिकाम्या कॅनचा ढीग होता. एका कॅनवरचा कागद ओल्याने सुटत आला होता. तिने नखाने कड उचलली, हळूहळू सोलून काढला, चार घड्या घातल्या आणि पोलक्यात कोंबला. अक्षरं शाळेत शिकलेली होती, तीच परदेशी अक्षरं. पण त्यांचे शब्द मात्र शाळेत शिकलेल्या भाषेतले नव्हते. त्यांतला एकही ओळखीचा निघेना.

घरी आल्यावर तिने कागद खलाशापुढे पसरला.

"मामा, तुम्ही ज्यांच्या बोटीवर होता ना, ही बियाणं-औषधं त्यांच्याच देशातून येतात. वाचा बरं."

खलाशाने कागद उलटा धरला, सुलटा धरला, परत दिला. "मला कुठे वाचता येतं? आपली अक्षरं येत नाहीत, त्यांची कुठली येणार?"

"बोलता येतं ना पण?"

"बोलतासुद्धा येत नाही. मी ती भाषा बोललोच नाही कधी. मी ती ऐकली." तो खाटेवरून पुढे सरकला. "तू वाच. मी ऐकतो."

कातरीला वाचता येत होतं, पण अर्थ कळत नव्हता. म्हाताऱ्याला अर्थ कळला असता, पण वाचता येत नव्हतं. ती उंबऱ्याशी उजेडात बसली आणि सगळ्यांत ठळक ओळीवर बोट ठेवलं.

"स्पु-इ-तेन."

खलाशाने मान हलवली. "नाही."

"द्री-ए. दागेन."

"डागेन?" म्हातारा हसला. "कुणाला डागणार?"

"असंच लिहिलंय. द, आ, ग..."

"लिहिलेलं असेल तसं. तोंडात तसं नसणार. ते लोक लिहितात एक आणि बोलतात घशातून. त्यांचा ग हा आपला ग नाही. घशात मासळीचा काटा अडकला तर कसा काढशील? तसा आवाज काढ."

कातरीने घसा खरवडला. "दा... ख... दाखन."

खलाशी ताठ बसला. "परत."

"दाखन."

"दिवस! दिवस गं! त्याच्या आधीचं काय? द्री? द्री दाखन! तीन दिवस!" म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. "बंदरात बोट लागली की ओरडायचे, द्री दाखन, द्री दाखन. तीन दिवस मुक्काम."

तिथून दोघांना थारा राहिला नाही. कातरी एक शब्द चार तऱ्हांनी म्हणायची, म्हातारा डोळे मिटून, कान पुढे करून ऐकायचा. स्पुइतेन म्हटलं की काही नाही, स्पोइतन म्हटलं की काही नाही, आणि ती वैतागून तोंड वेडंवाकडं करून "स्पाउतन" म्हणाली तेव्हा तो ओरडला, "नळीने पाणी मारणं! डेक धुवायचो आम्ही, स्पाउतन म्हणायचे." गान म्हटल्यावर तो म्हणाला गाणं नव्हे, खान, घशातून, म्हणजे जाणं. बिनन म्हणजे आत. नीत म्हणजे नाही. एकेक शब्द असा विहिरीतून बादली ओढावी तसा वर येत होता. दिवेलागणीपर्यंत ओळ जुळली.

फवारल्यावर तीन दिवस आत जाऊ नये. दारं बंद ठेवावीत.

कातरी कागदाकडे बघत बसली. त्या सकाळी ती फवारणीनंतर बारा तासांच्या आत शिरली होती. आठवडाभर रोज शिरत होती. आणि नवरा तर ते अंगावर घेत होता.

पंपवाला आला तेव्हा तिने त्याला ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला. तो पायरीवर बसून चिखलाचे बूट काढत होता. बुटाची नाडी त्याला सुटेना, बोटं नुसती वळवळत होती. तिने खाली बसून नाडी सोडायला हात लावला तर त्याने पाय मागे घेतला.

"बाबांना बोटीवरून येऊन तीस वर्षं झाली," तो म्हणाला. "त्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही."

"शब्द अन् शब्द जुळलाय."

"आणि जुळला तरी काय करणार तू? मुकादमाला शिकवणार? आपण दोघंही तिथेच कामाला आहोत. दोघंही एकदम घरी बसू."

दुसऱ्या दिवशी कातरीने मुकादमाला विचारलंच. कागद दाखवला नाही, नुसतं विचारलं, "साहेब, फवारणीनंतर तीन दिवस थांबायचं असतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"कॅनवर लिहिलंय."

मुकादमाने तिच्याकडे खालून वर पाहिलं. "अरे वा. तुला परदेशी भाषा येते? मग इथे काय काटे मोडून घेतेस? जा की विमानात बसून." मग आवाज चढवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तरीणबाई आल्यात आपल्याकडे. ज्याला शिकायचं त्याने सुट्टीत शिका. आत्ता हात चालवा."

त्या दिवसापासून बायका तिला गमतीने मास्तरीणबाई म्हणू लागल्या. तिलाही हसावं लागायचं. आत मात्र काहीतरी टोचत राहायचं, बोटात घुसून मोडलेल्या काट्यासारखं.

आठ दिवसांनी बातमी आली. परदेशी गिऱ्हाइकाकडून, म्हणजे औषधं येतात त्याच देशातून, एक बाई येणार, बागा बघणार, मग माल पक्का करणार. बरोबर शहरातला दुभाष्या असणार. मुकादमाने रस्ते झाडून घेतले, रिकामे कॅन खड्ड्यात पुरले, बायकांना नवे रबरी हातमोजे वाटले आणि सांगितलं, पाहुणी गेली की परत जमा करायचे.

कातरी घरी येऊन सासऱ्यासमोर बसली. "मामा, मला त्या बाईंना सांगायचंय. नुसतं एक वाक्य. आम्ही आजारी पडतोय. कसं म्हणायचं?"

खलाशी विचारात पडला. कपाळावर आठ्या घातल्या, ओठ हलवले.

"आम्ही," तो म्हणाला. "आम्ही हा शब्द मला येत नाही."

"मी म्हणायचं मग."

"मी पण येत नाही." त्याला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. "मला काय येतं सांगू? ये. जा. उचल. लवकर. पुस. थांब. दार बंद कर. हात दाखव. रोज सकाळी स्वयंपाकघरात शिरण्याआधी हात दाखवावे लागायचे, स्वच्छ आहेत का बघायला. लात झीन, म्हणजे दाखव. चौदा वर्षं एवढंच ऐकलं. मला कुणी कधी काही विचारलंच नाही, तर उत्तराचे शब्द कुठून येणार?"

बाहेर नवरा नळाखाली हात धरून उभा होता. नुसते धरून.

"मग हुकूमच शिकवा," शेवटी ती म्हणाली.

"त्या एवढ्या मोठ्या बाईला तू हुकूम सोडणार?"

"दुसरं आहे काय आपल्याकडे?"

दोन आठवडे ती हुकूम घोकत होती. देठ कापताना, बादली उचलताना, भांडी घासताना. थांब म्हणजे वाख्त, त्यातला ख घशात खरडला पाहिजे. वाच म्हणजे लेस, पाटीवर बोट ठेवून खलाशावर खेकसायचे तो शब्द, पण ती शाळेच्या सवयीने लीस म्हणायची. दिख्त म्हणजे बंद, तो सोपा होता; दार हा शब्द मात्र फारच छळायचा. "आपल्या दाराच्या शेजारचाच आहे," खलाशी सांगायचा. "ओठ ओ म्हणायला गोल कर आणि आतून ए म्हण. दऽर." ती ओठ गोल करायची तर आतूनही ओ निघायचा; ए काढायला जायची तर ओठ फाकायचे. म्हातारा हाताने तिच्यासमोर गोल धरून दाखवायचा. घसा सोलवटला. गरम पाणी पिऊन ती परत सुरू करायची.

"घरात माणसं राहतात की कोंबड्या?" पंपवाला एका संध्याकाळी भडकला. "सकाळ झाली की ख्ख, संध्याकाळ झाली की ख्ख. घरात शिरलो की मीच परका!"

"तुमच्यासाठीच चाललंय."

"माझ्यासाठी काही करू नका." त्याने खांद्यावरचा टॉवेल भिंतीवर आपटला. "माझं काम जाईल ना, तेव्हा मग दोघं मिळून त्या भाषेत रडा."

खलाशाने त्या दिवशी शिकवणी बंद ठेवली. पण सकाळी कातरी पाणी भरायला निघाली तेव्हा खाटेवरून हळूच म्हणाला, "दऽर."

"दऽर," ती म्हणाली.

"आता बरं."

पाहुणी आली त्या दिवशीही आभाळ तसंच होतं. बाई उंच, पिकल्या केसांची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. चालायची झपझप. मागून इस्त्रीच्या शर्टातला दुभाष्या चिखल चुकवत उड्या मारत होता. मुकादम दोघांच्या पुढे, तोंडभर हसत. एक नंबर पाहून झालं, दोन झालं, तीन झालं. चार नंबरमध्ये भुरी उघड दिसत होती म्हणून आदल्या संध्याकाळीच तिथे फवारणी उरकली होती. मुकादमाचा बेत होता की पाहुणीला तिथे न्यायचंच नाही. पण बाई कुणाचं न ऐकता सरळ चार नंबरकडे वळली.

दाराशी कातरी बादली घेऊन उभी होती. बाकीच्या बायका तिच्या मागे. पलीकडे पंपाशेजारी तिचा नवरा, हात खिशात घालून.

बाई दारापाशी आली. कातरीचे दोन आठवड्यांचे सगळे शब्द कुठेतरी पळून गेले. बाईने दाराला हात घातला. कातरी मध्ये आली.

"वाख्त!"

बाई थबकली. दुभाष्याचं तोंड उघडंच राहिलं.

"नीत बिनन," कातरी म्हणाली. घसा बरोबर खरडला. "द्री दाखन. दऽर दिख्त!"

मुकादमाने तिचं कोपर धरलं. "बाजूला हो! वेडी आहे का तू?" मग दुभाष्याकडे वळून, "त्यांना सांगा, हिचं डोकं जरा..." आणि त्याने कानाजवळ बोट फिरवलं.

दुभाष्या सांगायला लागला. बाईने त्याला हाताने थांबवलं. कातरीने दुसऱ्या हाताने पोलक्यातून कागद काढला. घामाने मऊ झालेला, घड्यांवर फाटत आलेला. बाईच्या हातात दिला.

"लेस," ती म्हणाली.

आयुष्यात तिने कुणाला असं म्हटलं नव्हतं. घरात नाही, मळ्यात नाही. एका शब्दात, तोंडावर, वाच.

बाईने वाचलं. ओठ घट्ट मिटले. तिने मुकादमाला काहीतरी विचारलं, दुभाष्याने सांगितलं, "फवारणी कधी झाली असं विचारतायत."

"पाच दिवस झाले," मुकादम म्हणाला.

बाईने वाकून दारातल्या पहिल्या झाडाचं पान दोन बोटांत धरलं. बोटं ओली झाली. तिने ती हुंगली, रुमालाला पुसली आणि कातरीकडे वळून लांबलचक काही बोलली. कातरीला एक अक्षर कळलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. एवढं सगळं करून आता गाडी इथेच अडणार. बाईच्याही ते लक्षात आलं असावं. तिने थोडं थांबून दोनच शब्द उच्चारले.

"लात झीन."

हे कळलं. कातरीने बादली खाली ठेवली. नवे हातमोजे ओढून काढले. तळहात वर करून धरले, मग उलटे केले. नखांच्या कडा पिवळ्या पडलेल्या, मनगटापर्यंत लाल चट्टे. बाई बघत राहिली. मग कातरीला काय वाटलं कोण जाणे, ती तरातरा पंपापाशी गेली, नवऱ्याचा हात खिशातून ओढून बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

त्याने हात सोडवायला झटका दिला. तिने सोडला नाही. हात तिच्या हातात थरथरत होता, वाऱ्यातल्या पानासारखा, आणि मुकादम, दुभाष्या, परदेशी बाई, बाकीच्या तेरा बायका तो बघत होत्या. पंपवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

पाहुणी जायच्या आधी ऑफिसात तासभर बोलणं झालं. बाहेर आलं ते दुभाष्याने सगळ्यांना वाचून दाखवलं. फवारणीनंतर तीन दिवस ते हाऊस बंद. दारावर पाटी. फवारणाऱ्याला पूर्ण पोशाख आणि नाकावर गाळणी. हे पाळलं नाही तर माल घेणार नाही.

गाडीत बसण्याआधी दुभाष्या कातरीकडे आला. मघाच्यापेक्षा त्याचा आवाज मवाळ होता.

"बाई, कुणी शिकवलं तुम्हाला? पाहुणीबाई म्हणत होत्या, हे असं त्यांच्या आजोबांच्या वेळचे बंदरातले हमाल बोलायचे."

"सासऱ्यांनी." मग तिने घाईने विचारलं, "आम्ही याला त्यांच्यात काय म्हणतात?"

"आम्ही? वेय."

"वेय. एवढाच?"

"एवढाच."

घरापर्यंत ती वाटभर तोंडातल्या तोंडात तो शब्द घोळवत आली, जणू सांडेल. खलाशी दारातच बसला होता. तिने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मामा, आम्ही म्हणजे वेय."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. "वेय?" तो म्हणाला. "हा तर मी रोज ऐकायचो. जेवायला बसले की त्यांच्या टेबलावर सारखं वेय, वेय चालायचं. मला वाटायचं कुणाचं तरी नाव असेल." त्याला तो शब्द म्हणून बघ असं ती म्हणणार होती, पण म्हणाली नाही.

पंपवाला त्या दिवशी बायकोशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवण पुढ्यात आलं की जेवायचा, उठायचा.

आणि पुढच्या आठवड्यात, दोन आणि चार नंबर फवारून बंद झाल्यावर, बायकांना कळलं की बंद म्हणजे काम बंद. काम बंद म्हणजे हजेरी नाही. चौदातल्या सात जणींना घरी बसायला सांगितलं. त्या घरी बसल्या नाहीत. काही मिळेल या आशेने येऊन फाटकापाशी उकिडव्या बसल्या, आणि त्यांच्यात आत्याबाई होती, आणि कातरीही होती.

"मास्तरीणबाई," आत्याबाई म्हणाली. आता त्यात गंमत नव्हती. "ओकत होते तरी चार घास घरात येत होते. आता ओकायलाही पोटात काही नाही."

कातरी मुकादमाकडे गेली. पॅकिंगमध्ये, फुलांची प्रत लावायला तरी घ्या म्हणाली. "तिथे माणसं पुरेशी आहेत," तो म्हणाला. "तू हुकूम सोडलास, आता त्याची फळं खा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. माल कमी पडत होता. मुकादम ऑफिसातून बाहेर आला, फोनवर कुणाचं तरी ऐकून तोंड काळवंडलेलं. सरळ चार नंबरकडे गेला, पाटी काढून भिंतीला टेकवली, दार उघडलं आणि फाटकाकडे बघून हाक मारली, "चला गं! पूर्ण हजेरी देतो. दोन तासांचं काम आहे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दोघी उठल्या.

"जाऊ नका," कातरी म्हणाली. "अजून एक दिवस आहे. काय मारलंय ते..."

"तू गप," आत्याबाई म्हणाली. तिने बादली उचलली. तिचे हात कातरीपेक्षा वाईट होते. "मला माहीत आहे सगळं. तरी जाते." आणि ती चालू लागली. तिच्या मागे आणखी तिघी.

पंपवाला टाकी धूत होता. त्याने नळ बंद केला. नव्या पोशाखाचे जाड बूट फटफटत तो दारापाशी आला. मुकादमाला वाटलं मदतीला आला. पण त्याने मुकादमाच्या हातातून दाराची कड सोडवून घेतली, दार लावलं, कडी घातली, आणि पाठ टेकून समोर उभा राहिला.

"हे काय?" मुकादम म्हणाला.

"औषध मी मारलंय. किती मारलंय ते मला माहीत आहे. दार उद्या संध्याकाळी उघडेल."

"बाजूला हो."

"नाही."

"काम गेलं म्हणून समज."

"गेलं तर गेलं. कुणी दुसरा पंप धरणारा असेल तर आत्ताच बोलवा, मी पंपाच्या खोलीची किल्ली देतो."

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. पंप धरणारा कुणी नव्हता. पंपवाल्याचे हात कसे झालेत ते आता सगळ्या गावाने पाहिलं होतं. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. आत्याबाई बादली घेऊन तशीच उभी होती. मग तिने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. बाकीच्याही जिथल्या तिथे थांबल्या.

"त्यांना पॅकिंगला घ्या," पंपवाला म्हणाला. "एक आणि तीन नंबरची तोडलेली फुलं तशीच पडून आहेत, त्यांचं पॅकिंग एवढ्या बायकांनी अंधार पडायच्या आत होईल. मग ट्रक भरेल. नाहीतर निम्मा जाईल."

मुकादमाने शिव्या दिल्या, फोन लावला, फोनवर मान डोलावली, परत शिव्या दिल्या. शेवटी हाताने खूण केली. बायका पॅकिंगच्या शेडकडे धावल्या. पूर्ण हजेरी मिळाली नाही, निम्मी मिळाली. पुढेही तशीच मिळत राहिली, आणि त्यावरून भांडणंही होत राहिली. पण त्या दिवशी चार नंबरमध्ये कुणी शिरलं नाही.

काम सुटल्यावर नवराबायको बरोबर घरी निघाले. तो दोन पावलं पुढे चालत होता. मळा संपून रस्ता लागला तेव्हा तो म्हणाला,

"सगळ्यांसमोर माझा हात ओढून दाखवलास."

"हो."

"आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दिला असतात का?"

तो वळणापर्यंत तसाच पुढे चालत राहिला. मग चाल थोडी कमी केली. ती बरोबरीने आली.

"नसता दिला," तो म्हणाला.